सही कोणाची, घर कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक विधवा माउली आम्हांला भेटावयास आली. पिशवीत घराची आणि शेताची कागदपत्रे होती. मुलगा कॅनडात नोकरीस आहे. तेथे कायम राहण्याचा परवाना त्याला मिळाला आहे आणि आता त्याला स्वतःचे घर घ्यावयाचे आहे. त्यासाठी लागणारी सुरुवातीची रक्कम खामगावचे घर आणि तीन एकर शेत विकून उभी करावी, असा त्याचा आग्रह होता. गिऱ्हाईकही ठरले होते. माउलीचा प्रश्न एवढाच होता, “फादर, सही करू का?” (तिच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत.)

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी असाच प्रश्न विचारला असता “मुलांच्या भल्यासाठी आहे ना, मग करा” असे आम्ही उभ्या उभ्याच सांगून टाकले होते. त्यांचे अखेरचे दिवस भाड्याच्या खोलीत गेले. त्यांना मातीत ठेवताना मुलगा येऊ शकला नाही. त्याला कोणी दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही; पण ते आपले उत्तर आम्हांला आजही टोचते.

परदेशी जावे की जाऊ नये, हा येथे वाद नाही. बाराव्या पायस पोपमहोदयांनी १९५२ साली निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात इजिप्तला पळून गेलेल्या पवित्र कुटुंबालाच अशा सर्व कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ सालच्या संदेशात जाण्याचे आणि राहण्याचे, दोन्ही स्वातंत्र्य माणसाला असले पाहिजे असे आग्रहाने मांडले. आणि खामगावकरांनी तरी परदेशाचे नवल का करावे? १८७० साली जलंबपासून आपल्या गावापर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो येथील कापूस मुंबई बंदरामार्गे विलायतेला जावा म्हणूनच. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे दुसऱ्याच गावाहून येथे आले. माणसे जातात, येतात. प्रश्न आहे तो घराच्या पैशांचा.

त्या माउलीची आम्ही थोडी चौकशी केली, तेव्हा ध्यानात आले की ती देत होती एक गोष्ट आणि कागदावर लिहिली जाणार होती दुसरीच. “तिथल्या घरात माझी एक खोली राहील,” असे ती म्हणाली. म्हणजे तिच्या मनाने ती आपल्या म्हातारपणाच्या खोलीची किंमत भरत होती. कॅनडात घरासाठी कर्ज देणाऱ्या बँका मात्र आईवडिलांकडून पैसे येणार असतील तर त्यांच्याकडून लिहून घेतात, की ही रक्कम देणगी असून ती परत करावी लागणार नाही. असे लिहून मागण्यात बँकेची काही लबाडी नाही. तिला आपल्या कर्जाची काळजी असते. पण ती चिठ्ठी इंग्रजीत येते, मुलगा “इथे सही कर” म्हणतो, आणि आई करते.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. कॅनडात १ जानेवारी २०२३ पासून एक कायदा लागू झाला. त्या देशाचे नागरिक नसलेल्या व कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या व्यक्तींना शहरी भागात राहते घर विकत घेण्यास त्याने बंदी केली. काही अपवाद आहेत. पण खामगावला राहणारी आई त्यांत बसत नाही. आधी दोन वर्षांसाठी असलेली ही बंदी पुढे १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. तेव्हा पैसे तिचे असले, तरी मुलाच्या जोडीने तिचे नाव त्या घराच्या खरेदीखतावर लागणारच नव्हते. राहावयास जाता येईल, पण तेही ‘सुपर व्हिसा’ नावाच्या परवान्यावर. त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते आणि आजारपणाचा विमा आपला आपण घ्यावा लागतो. जे घर तिचे शेत विकून उभे राहणार, त्यात ती पाहुणी असणार होती.

येथे आम्हांला अब्राहामाची आठवण होते. सारा वारली तेव्हा परक्या मुलखात उपरा म्हणून राहणाऱ्या त्या वृद्धाने हेब्रोनजवळ मखपेलाची गुहा आणि शेत मागितले. एफ्रोन मोठ्या दिलदारीने म्हणाला, फुकट घ्या. अब्राहामाने ते मानले नाही. नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, त्याने चारशे शेकेल चांदी तोलून दिली. आपल्या चांदीच्या पेठेतील हिशेबाने ती साडेचार किलोच्या आसपास भरेल. एवढा आटापिटा त्याने का केला? देणगी म्हटली की उद्या तिचा अर्थ कोणी कसाही लावील, हे त्याला कळत होते. देणगी असेल तर ती देणगी, किंमत असेल तर ती किंमत. आणि ते चारचौघांत बोललेले.

आपण नेमके हेच टाळतो. आईने मुलाशी हिशेब बोलणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. आईवडिलांचा मान राख, ही आज्ञा आम्ही प्रवचनांतून मुलांना ऐकवतो. पण बेन सिराच्या बोधग्रंथाचा तेहतिसावा अध्याय आईवडिलांना किती वेळा वाचून दाखविला? जिवात जीव आहे तोवर आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस, मुलांकडे हात पसरण्यापेक्षा मुलांनी तुझ्याकडे पाहावे हे बरे, असा त्याचा आशय आहे. पहिल्या वाचनात तो आम्हांला कठोर वाटला होता. आता त्यात मुलांवरही दया दिसते. ज्याला आपण आईला बेघर केले हे पन्नाशीत उमगते, त्याच्या मनाची अवस्था आम्ही जवळून पाहिली आहे.

शिवाय त्या पिशवीतील कागदांवर हक्क केवळ मायलेकांचाच नव्हता. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने विधवेला जातो. उरलेला मुलांना समान, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. अकोल्याला दिलेली एक मुलगी होती. तिला कोणी विचारलेच नव्हते. आमच्या कुटुंबांत ही विसरभोळेपणाची रीत फार जुनी आहे.

सही कर किंवा करू नको, यांपैकी काहीच आम्ही सांगितले नाही. मुलाला तीनच गोष्टी विचार, एवढे सुचविले. हे पैसे दान की खोलीची किंमत? खोलीची किंमत असेल तर ते लिहून देशील का? आणि मला तिथे करमले नाही, तर मी परत कुठे यावे?

फोनवर मुलगा बराच वेळ गप्प राहिला, असे तिने नंतर सांगितले. त्याच्या मनात कपट नव्हते. आईलाही देणगीच द्यायची आहे असे तो धरून चालला होता. पुढे नाताळात तो आला, अकोल्याची बहीण आली, आणि तिघांनी बसून बोलणी केली. थोडी रडारडही झाली. अखेर शेत विकले आणि त्याचे तीन वाटे झाले. मुलाने आपला वाटा नेला. आईने आपल्या वाट्यातून काही रक्कम त्याला दिली, ती मात्र देणगी म्हणून, समजून उमजून. बाकीची पोस्टात ठेवली. खामगावचे घर विकले नाही. मुलगा आता ठरविले होते त्याहून लहान घर पाहतो आहे.

सुपर व्हिसाचा अर्ज तोच भरणार आहे. माउलीने त्याच्याकडे परतीचे तिकीट आधी मागितले आहे.