पाण्याची बारीक धार

2019 च्या ऑगस्टमधल्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुराचे फोटो आपल्याकडे अजून फिरत असतात. बोटीतल्या जवानांच्या पाया पडणारी बाई, जवानानं हातावर उचलून घेतलेली म्हातारी आजी, दंडाला धरून उतरवलेली पोरं. अशा फोटोत बोटीच्या मागच्या टोकाला एक जण असतो, बहुतेक वेळा अर्धाच दिसतो. त्याचा हात मोटारीच्या दांड्यावर आणि मान मागं वळलेली. बाकी सगळे सुटका झालेल्या माणसांकडं बघत असतात. तो बघत असतो मोटारीच्या कुशीतून पडणारी पाण्याची एक बारीक धार.

ती मोटार म्हणजे ओबीएम, आउटबोर्ड मोटार. नौदलाच्या रबरी जेमिनी बोटीला मागून अडकवतात ती हीच, आणि लष्कराच्या बोटींनाही तीच. तिला रेडिएटर नसतो. खालच्या पंख्याजवळच्या जाळीतून ती नदीचंच पाणी ओढून घेते, इंजिनाभोवती खेळवते आणि बाहेर टाकते. त्यातलं थोडं पाणी वरच्या बाजूच्या भोकातून मुद्दाम सोडलेलं असतं, चालवणाऱ्याला दिसावं म्हणून. धार पडतेय तोवर इंजिन थंड. धार बारीक झाली, तुटक पडायला लागली, की खाली काहीतरी अडकलंय असं समजायचं आणि तिथंच निर्णय घ्यायचा. उशीर झाला तर मोटार तापून बसते आणि भर प्रवाहात बोटभर माणसं नदीच्या हवाली होतात.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फूटवॉलला पाला अडकला की नदीवरच्या मोटारीचा आवाज कसा बदलतो, हे तो बांधावर बसून ओळखतो. फरक एवढाच, की त्याची मोटार काठावर असते आणि पाणी चढायला लागलं की तो चार माणसं लावून ती वर काढतो. बोटीवरच्या माणसाला तेव्हाच ती पाण्यात सोडायची असते.

आणि पाणी तरी कसलं! शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या. त्या वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती, तिथली धोक्याची पातळी 43 फूट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर, तिथली धोक्याची पातळी 45. हे सगळं पाणी खाली शिरोळच्या रानात पसरलं. वरून बघणाऱ्याला तो समुद्र वाटावा, पण खाली उभा ऊस होता, तारेची कुंपणं होती, पडलेले विजेचे खांब आणि त्यांच्या तारा होत्या, वाहून आलेली चिपाडं, प्लास्टिक, कपडे होते. खऱ्या समुद्रात बोट चालवणाऱ्याला असा तळ सहसा भेटत नाही. उसाच्या शेंड्यावरून बोट नेताना पंखा वर उचलायचा, पुन्हा खाली सोडायचा, आणि परत धारेकडं बघायचं.

याच तालुक्यातलं जयसिंगपूर त्यातल्या त्यात उंचावर. त्यामुळं आजूबाजूच्या गावांतली माणसं इकडंच आली. शाळा, मंगल कार्यालयं भरून गेली. शिरोळच्या बाजूला रस्ता जिथं पाण्यात गेला होता, तिथं संध्याकाळी बोटी काठाला लागायच्या. लोक उतरले, गर्दी पांगली, की नौदलाच्या तुकडीतला एक जण मोटारीचं वरचं झाकण काढून बसायचा. साताऱ्याकडचा होता, बोलण्यावरून कळायचं. पंख्याच्या दांड्याला साडीचा पदर, उसाची पाती आणि मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा आवळून बसला होता. पदर आणि पाती त्यानं ओढून काढली. दोरा मात्र चाकूच्या टोकानं एकेक पीळ करून कापला, कारण तो आत सरकला तर ऑइल सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी नदीच्या मध्यावर लागतो. मग त्यानं आजूबाजूला बघून विचारलं, "स्वच्छ पाणी मिळेल का बादलीभर?"

छावणीतली एक मावशी टँकरवरून पाणी घेऊन निघाली होती. तिला ते विचित्र वाटलं. "दादा, ह्ये प्यायचं हाय. एवढं पाणी भवताली असताना मोटारीला ह्येच कशाला?"

"मावशी, आतनं गाळ धुवायचाय. गाळाच्या पाण्यानं गाळ कसा निघंल? सकाळी राजापूरला जायचंय."

"राजापुरात माझी थोरली बहीण हाय," ती म्हणाली आणि कळशी त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं कळशीतलं अर्धंच पाणी घेतलं. मोटार धुतली, प्लग काढून पुसले, पेट्रोलच्या गाळणीत उतरलेलं पाणी झटकलं. आत पाणी ओढणारा रबरी पंखा असतो, त्याच्या पाकळ्या बोटानं चाचपून बघितल्या. गाळ रेतीसारखा घासतो आणि रबर झिजवतो, असं त्यानं शेजारी उभ्या पोरांना सांगितलं. जेवायला हाका मारणाऱ्यांना तो हातानंच 'आलो' म्हणत होता. टॉर्चच्या उजेडात त्याचं काम चाललं होतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या राजापूरच्या फेरीचं काम होतं.

ही शिस्त एका पुरात येत नाही. आपल्या नौदलाच्या इंजिनांवरची माणसं जिथं घडतात ती आयएनएस शिवाजी ही संस्था लोणावळ्यात आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर. 1945 पासून तिथं समुद्री इंजिनांचं शिक्षण चालतं. 2020 मध्ये पंचाहत्तरी झाली तेव्हा राष्ट्रपतींनी तिला ध्वज देऊन गौरवलं. तिथं शिकलेला माणूस पुढं हजारो टनांच्या युद्धनौकेच्या पोटात उतरतो. तिथंही मूळ हिशेब हाच. बाहेरचं समुद्राचं पाणी आत घ्यायचं, त्यानं इंजिनाची उष्णता न्यायची, आणि वाटेतल्या गाळण्या शेवाळ, शिंपले, प्लास्टिक यांनी तुंबू द्यायच्या नाहीत. चार-चार तासांची पाळी. कानठळ्या बसवणारा आवाज, अंगाची लाही करणारा उकाडा, आणि तापमान, दाब, तेलाची पातळी ठरल्या वेळी नोंदवहीत उतरवणं. वर डेकवर सूर्य उगवला की मावळला, हे त्याला घड्याळावरून कळतं. नौकेवर तोफ असते, क्षेपणास्त्र असतं, विमानही असतं. पण इंजिन थांबलं तर तिला लाटेकडं तोंडसुद्धा वळवता येत नाही.

माणसाकडं बघतो त्याला माया आहे, असं आपल्याकडं मानतात. यंत्राकडं बघणारा रुक्ष. मला हे पटत नाही. बोटीत चढणाऱ्या आजीचा हात धरायला दोघं-तिघं पुढं होतात, आणि व्हायलाच हवेत. पण त्या क्षणी एकानं तरी तिच्याकडं न बघता मोटारीचा आवाज ऐकत राहायला हवं, आणि ते सोपं नसतं. समोर रडारड चाललेली असताना नजर एका भोकावर धरून ठेवायला मन घट्ट लागतं. त्या आजीचा जीव त्याच्या त्या न बघण्यावर असतो.

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावाची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गावकरीच गावकऱ्यांना वाचवायला निघाले होते, त्यांच्या धाडसाबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण बोट म्हणजे नुसता सांगाडा नव्हे. तिच्यामागं शिकलेला माणूस लागतो, तो आपल्याकडं होता का, हा प्रश्न त्या दिवसापासून मला सोडत नाही. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. पुन्हा बोटींची चर्चा झाली, किती आल्या, कुठं ठेवल्या. त्या कुणाच्या हातात ठेवल्या, हे फारसं कुणी विचारलं नाही.

खरं तर हा हात आपल्याकडं आहे. आपल्या तालुक्यातलं सैनिक टाकळी हे गाव नावातच सैन्य घेऊन बसलंय आणि पुराचं पाणी त्यालाही चुकत नाही. जयसिंगपूरच्या आसपास पहाटे रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं बघा. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढं रायफल असते. पण काही जण बारावीच्या गणित-भौतिकशास्त्रावर नौदलात जातात आणि इंजिनाला लागतात. 2022 च्या आधी भरती झालेली अशी माणसं पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतर, ऐन उमेदीत, गावी परततात. आपण त्यांना 15 ऑगस्टला झेंड्याजवळ उभं करतो, फेटा बांधतो, नारळ देतो. त्याबरोबर गावच्या बोटीच्या मोटारीची किल्ली द्यावी, त्या माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं आणि त्याच्या हाताखाली दोन पोरं द्यावीत, असं मला फार मनापासून वाटतं. पोहणारी पोरं गावोगाव मिळतात. धार बघायची सवय लावावी लागते, आणि ती लावणारा माणूस शेजारच्या गल्लीत राहत असतो.

त्यानं काय करायचं, हे त्याला आपण शिकवायला नको. मे महिन्यात बोट गोदामातून बाहेर काढायची. मोटारीचा खालचा भाग पाण्यानं भरलेल्या बॅरलमध्ये बुडवून ती सुरू करायची आणि धार पडते का बघायची. पडत नसेल तर रबरी पंखा बदलायचा. तो मे महिन्यात कोल्हापुरातून आणता येतो, ऑगस्टमध्ये रस्तेच बंद असतात. आणि गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर सगळ्यात आधी ते ओतून टाकायचं, कारण ते कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसलेलं असतं.