फोनचा सातबारा

"मामा, तुमचा फोन रूट करून टाकू का?" असं भाच्याने विचारलं तेव्हा माझा हात आपोआप गालावर गेला. रूट म्हटलं की कॅनाल आणि कॅनाल म्हटलं की दाताचे डॉक्टर, एवढाच माझा या शब्दाशी परिचय.

झालं होतं असं, की माझ्या चार वर्षांच्या फोनला कंपनीने वाळीत टाकलं होतं. काच शाबूत, बॅटरी ठणठणीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. शिवाय विकत घेतल्या दिवसापासून पत्त्यांचा एक जुगार त्यात बिऱ्हाड करून बसलेला. मी आयुष्यात गुलाबजामांखेरीज कशावरही पैज लावलेली नाही. पण त्याला हाकलावं म्हटलं, तर 'काढून टाका' हे बटणच करडं पडलेलं. दाबा नाही तर आपटा. पैसे मी मोजलेले, पावती माझ्या नावाची, आणि घरातला जुगारी मात्र हलायला तयार नाही!

भाच्याने मग शिकवणी घेतली. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं आणि त्या घराण्यात सर्वाधिकारी माणसाला 'रूट' म्हणतात. कंपनी फोन विकते, पण या पदाची किल्ली गिऱ्हाइकाला देत नाही. ती मिळवणं म्हणजे रूट करणं. रॉम बदलणं वेगळं. त्यात बाहेरच्या भिंती तशाच ठेवून आतलं घर पाडायचं आणि दुसरं बांधायचं. सायनोजेनमॉड नावाचं असं एक तयार घर होतं, ते २०१६च्या डिसेंबरात बंद पडलं आणि त्याच्या वारसांनी 'लिनिएज' काढलं. लिनिएज म्हणजे कूळ.

कूळ म्हटल्यावर मला आजोबा आठवले. कोकणात त्यांची जमीन होती. १ एप्रिल १९५७ला कृषक दिन उजाडला आणि कसणारी कुळं कायद्याने मालक ठरली. तारखेमुळे आजोबांना शेवटपर्यंत वाटे की कुणीतरी थट्टा केली आहे. "सातबारा माझा, मग मालक तो कसा?" हा त्यांचा सवाल. आम्ही नातवंडं त्यांच्या बाजूची, कारण आंबे ते द्यायचे. त्या कुळाच्या तीन पिढ्यांनी उपसलेला चिखल आमच्या हिशेबातच नव्हता. आता साठी उलटल्यावर माझ्यावर वेळ अशी आली, की पावतीही माझी, राबवणाराही मीच, तरी ताबा तिसऱ्याचा! निदान त्या कुळाला नांगर कुठला वापरावा हे कुणी सांगत नव्हतं.

अमेरिकेत तर आयफोनच्या बाबतीत या उद्योगाला सरळ 'जेलब्रेक' म्हणतात, म्हणजे तुरुंग फोडणं. ॲपलचा विरोध होता, तरी २०१० साली तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सांगितलं, की आपल्याच फोनवर कायदेशीर प्रोग्रॅम चालवण्यासाठी कुलूप काढलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही. ग्रंथपालाने कैदी सोडवल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

मी हो म्हटलं. प्रथम 'बिल्ड नंबर' वर सात टिचक्या मारायच्या. मारल्या. फोन म्हणाला, आपण आता डेव्हलपर झालात. भाच्याला याच गोष्टीसाठी इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि बापाचा फंड लागला होता. मग कुलूप उघडलं, त्यासरशी आतलं सगळं पुसलं गेलं (फोटो आधी काढून ठेवले होते, नाहीतर हे लिहायला मी उरलो नसतो), आणि तासाभराने नवं घर उभं. जुगारी गायब! फोन सुरू होताना 'हे यंत्र भरवशाचं नाही' अशी तंबी रोज देतो, पण ती ऐकायची सवय मला लग्नापासून आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेचं ॲप उघडलं. 'फोनमध्ये फेरफार आढळला आहे' असं सांगून त्याने दार लावून घेतलं.

"काळजी नको, मामा. मॅजिस्क आहे ना आपल्याकडे. बँकेला पत्ताच लागणार नाही."

मॅजिस्क म्हणजे जादूचा मुखवटा. इथे मात्र मी अडलो. मालक झालो म्हणून मिरवायचं, आणि बँकेच्या दारात गेल्यावर मालक नसल्याचं सोंग आणायचं? बँकेचंही अगदीच चुकत नाही. सर्वाधिकाराची किल्ली मी भोळेपणाने एखाद्या भामट्या ॲपच्या हाती दिली, तर ते फोनमधलं काहीही वाचणार. आणि पैसे गेले की 'फोन माझा होता, चूक माझी' असं म्हणून मी गप्प बसणार आहे थोडाच? पहिला ओरडा बँकेच्याच नावाने करीन. मला मालकी हवी होती ती जुगाऱ्याला हाकलण्यापुरती. नुकसानीची मालकी कंपनीकडे राहिली तरी माझी हरकत नव्हती. कूळ निदान अवकाळी पावसाचाही मालक असे.

मुखवटा नको म्हटलं. भाच्याने माझ्याकडे बघितलं ते, आजोबा कुळाकडे बघत तसं.

तेव्हापासून माझ्या फोनवर माझी सत्ता निर्वेध चालते आणि व्यवहार सौभाग्यवतींच्या फोनवरून होतात. तिच्या फोनमध्ये जुगारी अजून मुक्कामाला आहे आणि बँकेचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. परवा कोपऱ्यावरच्या गाडीवरून मी तिला फोन केला.

"जरा चाळीस रुपये पाठव गं, वडेवाल्याला."

"चाळीस? वडा वीसचा आहे."

"भाचा आलाय बरोबर."

"मग त्याच्यापुरते पाठवते," ती म्हणाली.