चितळाचे प्रमाण

वैशेषिकांनी रूप हा द्रव्याच्या ठायी वसणारा गुण मानला आणि त्याच्या ग्रहणाचा अधिकार चक्षूकडे सोपविला. परंतु ताडोबाच्या गवतात दबा धरून बसलेला वाघ आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर निश्चिंत चरणारे चितळ यांचा व्यवहार पाहिला, म्हणजे ही व्यवस्था वाटते तितकी निर्वेध नाही, असे ध्यानात येते. ज्या नारिंगी तेजाने आपले डोळे दिपतात, ते चितळाच्या लेखी नसतेच. कारण हरणांच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असून, नारिंगी आणि हिरवा यांचा निवाडा त्यांना करता येत नाही. केसांत हिरवे रंगद्रव्य उत्पन्न करण्याची मुभा सस्तन प्राण्यांना नाही, पण वाघाचे त्यावाचून काही अडत नाही. अधिक नवल असे, की मार्जारकुळाची दृष्टीही याच जातीची असल्यामुळे आपले नारिंगीपण खुद्द वाघालाही ठाऊक नसते. दिवस मावळल्यावर तर रंगांचा अंमल सर्वांसाठीच संपतो. उरतात ते उजेड-अंधाराचे पट्टे, काही बांबूच्या बेटांतले, काही वाघाच्या अंगावरचे, आणि त्याची शिकारही बहुधा याच वेळी चालते.

मग चितळाने विश्वास ठेवावा कशावर? प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाण न मानणारा चार्वाक या रानात फार दिवस टिकला नसता. चितळाला दिवसाउजेडी आधार असतो तो वानराचा. वानराला आपल्यासारखी तिन्ही प्रकारच्या पेशींची दृष्टी लाभलेली असते, शिवाय तो झाडावर बसतो (आणि या उंचीचा वाटाही लहान नव्हे). त्याची धोक्याची हाक उठताच, स्वतः काहीही न पाहिलेला कळप ती जबानी प्रमाण मानून सावध होतो. वस्तू जशी जाणली तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त, असे म्हणून वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले. वानराचा विचार करण्याचे त्याला कारण पडले नसावे. वानर स्वकीयांसाठी ओरडतो, चितळासाठी नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल; पण सांगणाऱ्याच्या मनात आपले हित असलेच पाहिजे, ही अट मला अनाठायी वाटते, खोटे सांगण्यात त्याचा स्वार्थ नसला म्हणजे पुरे. वाघदेखील या साक्षीविरुद्ध फिर्याद करीत नाही: हाक उठली, की पुष्कळदा तो दबा सोडून उठतो आणि उघड्या वाटेने चालू लागतो.