वाऱ्याकडे मागितलेलं अभय

वाऱ्याला रूप नाही. तरीही तैत्तिरीय उपनिषदातल्या शीक्षावल्लीचा आरंभीचा शांतिपाठ वायूला नमस्कार करून सांगतो, की तूच प्रत्यक्ष ब्रह्म आहेस. सूर्य रोज डोळ्यांसमोर उगवतो, अग्नी हातभर अंतरावर पेटलेला असतो. पण ‘प्रत्यक्ष’ ठरला तो न दिसणारा. मला हे धाडस वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे. डोळे मिटले की सूर्य गेला. श्वास मात्र चालूच राहतो, आणि ध्यानाला बसलेल्याला दुसरं काही हाताशी नसतं.

याच वायुरूप ब्रह्माकडे मग मागणं येतं: माझं रक्षण कर, सांगणाऱ्याचं रक्षण कर. कशापासून? शत्रू, साप, रोगराई, कशाचंच नाव नाही. पुढचाच अनुवाक उघडला की उलगडा होतो, कारण तिथे वर्ण, स्वर, मात्रा, बल असा उच्चारशास्त्राचा पाठ सुरू होतो. उच्चार म्हणजे अडवलेला, वळवलेला श्वास. खंडेनवमीला कारागीर हत्यारं पुजतो, तसा हा पाठ म्हणणारा कामाला लागण्याआधी वायूला हात जोडतो. शिवाय मागण्याआधी स्वतःला बांधून घेतो: ऋत बोलेन, सत्य बोलेन. ‘शत्रुनाशक वायुमंत्र’ म्हणून हल्ली जे खपतं, त्यात ही अट शोधूनही सापडत नाही.

सगळीकडे मागणं इतकं संयत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 186वं सूक्त तीनच ऋचांचं. त्यात वाताकडे थेट औषध मागितलंय. तू आमचा बाप, भाऊ, मित्र आहेस, तुझ्या घरी अमृताचा साठा आहे, त्यातलं जगायला दे, असं लडिवाळ आर्जव आहे.

पण मला थांबवतं ते छांदोग्य उपनिषद (3.15). तिथे वायू हा दिशांचं वासरू आहे. हे जो जाणतो त्याच्यावर मुलासाठी रडण्याची वेळ येत नाही, असं आश्वासन आहे. त्यापुढे बाप अक्षय कोशाला, प्राणाला, तिन्ही लोकांना शरण जातो. ग्रंथात मुलाच्या नावाच्या जागी नुसतं सर्वनाम आहे. म्हणणाऱ्याने आपल्या लेकराचं नाव तिथे तीनदा घालायचं. उपनिषद म्हटलं की आपल्याला मायेच्या पलीकडे गेलेले ऋषी आठवतात. इथे मुलाच्या काळजीने झोप उडालेला बाप भेटतो, आणि तत्त्वज्ञानाला त्याची लाज वाटत नाही.

म्हणूनच रामदासांच्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत भूतबाधा, व्याधी, चिंता जाण्याचं आश्वासन आहे म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. वायुपुत्राकडे तिन्हीसांजेला केलेलं ते मागणं त्या बापाच्याच जातकुळीचं.

अर्थात परंपरेने वायूलाही सोडलेलं नाही. केनोपनिषदात यक्षाने पुढे ठेवलेली गवताची काडी त्याला हलवता आली नाही. रक्षकाची मर्यादा ठाऊक असूनही त्याला हाक मारली जात होती.

शीक्षावल्लीच्या शेवटी तोच पाठ पुन्हा येतो, पण क्रियापदं भूतकाळात जातात: बोललो, सत्य बोललो, त्याने मला राखलं, सांगणाऱ्यालाही राखलं. आधी वचन आणि मागणं, मग अभ्यास, मग पोच. शांतिपाठांच्या घरगुती पुस्तिकांत बहुधा फक्त पहिला पाठ छापतात.