भरपाई आणि चेतना



समजा, उद्या शहराचा कचरा तुमच्या वस्तीशेजारी टाकायचे ठरले. साहेब येऊन म्हणाले, "घरटी दरवर्षी इतके रुपये देतो, हरकत घेऊ नका." तुम्ही काय उत्तर द्याल? घरात गरज असते, मुलांच्या फीचा प्रश्न असतो. पैसे घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी एका परक्या गावाची हकिगत ऐका.

स्वित्झर्लंडमध्ये वोल्फेनशीसेन नावाचे डोंगरातले छोटे गाव आहे. किरणोत्सारी कचरा जमिनीत पुरण्याची जागा म्हणून त्याचे नाव पुढे आले. 1993 साली ब्रूनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या रहिवाशांना विचारले, हा कचरा आपल्या गावात येऊ द्याल काय? 50.8 टक्के लोक 'हो' म्हणाले. धोका त्यांना ठाऊक होता. पण साऱ्या देशाने वीज वापरली, तर तिचा कचरा कुणीतरी सांभाळलाच पाहिजे, ही त्यांची भावना.

मग दुसरा प्रश्न केला. दरवर्षी प्रत्येकाला भरपाई मिळाली तर? बाजाराच्या हिशेबाने होकार वाढायला हवा होता. तो 24.6 टक्क्यांवर उतरला! रक्कम वाढवून पाहिली, तरी नकार देणाऱ्यांपैकी एकाच माणसाचे मन वळले.

असे का व्हावे? कचरा तोच, डोंगर तोच, माणसेही तीच. बदलली ती होकारामागची चेतना. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे, ते इथे ध्यानात घ्या. आधी माणूस स्वतःला विचारत होता, "माझे कर्तव्य काय?" पैसा समोर येताच तो विचारू लागला, "मला विकत घेता काय?" पैशाने कर्तव्याला बळ दिले नाही, त्याला घराबाहेर काढले. माणूस म्हणजे नफा-तोटा मोजणारे यंत्र असे धरून जे पर्यावरणाचे भाव ठरवतात, त्यांचा हिशेब इथे चुकतो.

मात्र यावरून कोणी आपल्याला "भरपाई मागू नका, त्याग करा" असा उपदेश करू लागला, तर सावध राहा. त्याग आपल्या समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने करून घेतला गेला आहे. त्या गावकऱ्यांचा 'हो' मोलाचा होता, कारण 'नाही' म्हणण्याचा हक्क त्यांच्या हाती होता. त्यांच्या प्रांताने 1995 मध्ये आणि पुन्हा 2002 मध्ये मतदानाने तो प्रकल्प नाकारला.

आता मुंबईकडे पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच 1927 सालापासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. पुढे त्याच्याभोवती गोरगरिबांच्या वस्त्या वाढल्या. एखादा हिशेबी म्हणेल, "जागा स्वस्त म्हणून ते तिथे राहिले, म्हणजे त्यांची संमतीच झाली." दुसरीकडे छप्परच परवडत नसेल, तर ती संमती कसली? 2016 च्या जानेवारीत तो ढीग पेटला आणि कित्येक दिवस धूर घराघरांत शिरला. कुलाब्याचा आणि मलबार हिलचा कचरा आपल्या दाराशी चालेल काय, असे विचारायला त्या वस्त्यांत मतपेटी घेऊन कोण गेले होते?