मकारिऑस कोणाला म्हणायचं?



जुन्या ग्रीक भाषेत 'मकारिऑस' असा शब्द आहे. आपण त्याला 'धन्य' म्हणतो. होमरच्या काव्यात या कुळातला शब्द येतो तो मुख्यतः देवांसाठी. म्हातारपण नाही, मरण नाही, पोटापाण्याची चिंता नाही, असे ते देव. पुढे हेसिअडने पृथ्वीच्या टोकाला धन्यांची बेटं कल्पिली. तिथे मेलेले वीर राहतात, जमीन वर्षातून तीनदा पिकते. आजही ग्रीसमध्ये दिवंगत माणसाचा उल्लेख याच कुळातल्या शब्दाने होतो. आपण नावाआधी 'कैलासवासी' लावतो ना, तसाच.

जिवंतपणी हा मान मिळे तो सहसा धनवंतांना. ॲरिस्टॉटल तर म्हणतो, सद्गुणी माणूस कधी दीनवाणा होणार नाही. पण ट्रॉयच्या प्रायम राजासारखी संकटं कोसळली, तर त्याला मकारिऑस म्हणता येणार नाही. म्हणजे शील पुरेसं नाही, नशिबाचीही साथ हवी.

आणि मग मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, हाच शब्द ओळीने नऊ वेळा येतो. येशूची बोली अरामी. ग्रीक शब्द लिहिणाऱ्यांनी निवडले, आणि फार धीटपणे निवडले. पहिलंच वाक्य गरिबांना धन्य म्हणतं. गरिबाला ग्रीकमध्ये दोन शब्द. एक, राबून कसंबसं भागवणाऱ्याला. दुसरा, अंग चोरून हात पसरणाऱ्याला. इथे दुसरा आहे. मत्तय त्याला 'आत्म्याने' अशी जोड देतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक नुसतंच 'गरीब' म्हणतो. मला लूकचं उघडंवाघडं वाक्य जास्त भिडतं. देवांचं विशेषण थेट भिकाऱ्याला! आणि मूळ वाक्याच्या 'धन्य' म्हणणाऱ्या भागात क्रियापदच नाही. 'व्हाल' नाही, 'व्हा'ही नाही.

हीच वाक्यं मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले होते, मग भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पतीही. या बाईंना मराठीत आणायच्या त्या नऊ वाक्यांतलं दुसरंच होतं शोक करणाऱ्यांविषयी. तेही मकारिऑस.