विक्रम मल्लाचा, वही मालकाची

लास व्हेगासमध्ये ७ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री डिमिट्रियस जॉन्सनने रे बोर्गला पाठीमागून कमरेला मिठी घातली, उचलले आणि मागे फेकले. एवढा डाव कुस्तीच्या कोणत्याही आखाड्यात पाहायला मिळतो. पुढे जे झाले ते कळायला मात्र चित्रण संथ करून पुन्हा पाहावे लागले. बोर्ग हवेत असतानाच जॉन्सनने मिठी सोडून त्याचा हात धरला होता आणि दोघे खाली येतात न येतात तोच बोर्गचे कोपर उलट ताणले जाऊ लागले होते. पाचव्या फेरीत बोर्गने हार कबूल केली. लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीच्या फ्लायवेट, म्हणजे १२५ पौंडांच्या (सुमारे ५६.७ किलो) गटातले विजेतेपद जॉन्सनने सलग अकराव्यांदा राखले आणि अँडरसन सिल्वाचा दहा वेळांचा विक्रम मागे टाकला.

त्या रात्रीची मुख्य लढत मात्र ही नव्हती. शेवटच्या, मानाच्या जागी टोनी फर्ग्युसन आणि केविन ली यांची लढत ठेवली होती, आणि तीही हंगामी विजेतेपदासाठी. पाच वर्षे पट्टा न सोडणाऱ्या विजेत्याने विक्रम केला तो दुय्यम लढतीत.

मिश्र युद्धकलेच्या, म्हणजे एमएमएच्या चाहत्यांत उपेक्षित लढवय्ये हा गप्पांचा आवडता विषय आहे. कुणाची किती कदर व्हायला हवी होती यावर वाद झडतात आणि शेवटी खापर फुटते ते प्रेक्षकांच्या विसरभोळेपणावर. मला हे निदान अपुरे वाटते. या खेळातली उपेक्षा पुष्कळदा घडवलेली असते. लढती भरवणे, पट्टा देणे, वजनगट ठेवणे किंवा मोडणे आणि मानकऱ्यांची यादी करणे ही सारी कामे जिथे एकाच कंपनीकडे असतात, तिथे कोण थोर आणि कोण विसरण्याजोगा हेही तीच ठरवते.

बॉक्सिंगशी ताडून पाहा. तिथल्या कारभाराबद्दल चांगले बोलण्यासारखे फारसे नाही. पण विजेतेपदे देणाऱ्या चार प्रमुख संघटना लढती भरवणाऱ्यांपासून वेगळ्या आहेत आणि कॅनस्टोटा इथले बॉक्सिंगचे सन्मानदालनही कुणा आयोजकाच्या मालकीचे नाही. एमएमएत यूएफसीने २००७ मध्ये जपानची ‘प्राइड’, आणि २०११ मध्ये ‘स्ट्राइकफोर्स’ ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. त्याबरोबर त्यांच्या जुन्या लढतींचे चित्रणही यूएफसीच्या ताब्यात आले. पुढच्या पिढीने काय पाहायचे, हेही मग मालकाच्या मर्जीवर आले.

फ्रँक शॅमरॉकचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९९७ मध्ये योकोहामात त्याने केविन जॅक्सनला अवघ्या सोळा सेकंदांत नमवून यूएफसीचा पट्टा जिंकला. जॅक्सन म्हणजे बार्सिलोना ऑलिम्पिकमधला कुस्तीचा सुवर्णपदक विजेता. त्यानंतर शॅमरॉकने चार वेळा विजेतेपद राखले. यातली सप्टेंबर १९९९ ची टीटो ऑर्टिझविरुद्धची लढत आजही अभ्यासण्यासारखी आहे. ऑर्टिझ अंगाने मोठा आणि ताकदीने जास्त. शॅमरॉकने त्याला वर येऊ दिले, ताकद खर्चू दिली, खालून सतत हालचाल करून दम काढला आणि चौथ्या फेरीच्या अखेरीस, समोरच्याचे हात जड झाल्यावर, उसळी घेऊन ठोशांनी त्याला हार मानायला लावली. दमसास हेही हत्यार आहे आणि त्याचा हिशेब लढतीपूर्वीच मांडायचा असतो, हा धडा त्या लढतीने दिला. यूएफसीत अपराजित राहूनच त्याने पट्टा सोडला.

२००१ मध्ये कंपनीची मालकी बदलली. नव्या नेतृत्वाशी शॅमरॉकचे कधी जमले नाही, हे उघड गुपित आहे. ऑर्टिझ २०१२ मध्ये कंपनीच्या सन्मानदालनात गेला. त्याला हरवणाऱ्याला निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षे त्या दारात जागा मिळाली नाही. केवळ जुन्या काळचा म्हणून तो मागे पडला असे म्हणता येत नाही, कारण रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक त्याच्याही आधीचे आणि सन्मानदालनात पहिला मान त्यांनाच मिळाला.

शॅमरॉकला निदान दार तरी होते. जपानच्या मेगुमी फुजीला तेही नव्हते. ज्युदो आणि सांबो करून आलेली ही मुलगी तिशीत एमएमएत उतरली आणि तिने सलग २२ लढती जिंकल्या. सुरुवातीच्या काळात ती ‘स्मॅकगर्ल’ या जपानी स्पर्धेत लढायची. तिथे स्त्रियांच्या लढतीत जमिनीवरचा खेळ तीस सेकंदांपुरता असे. वेळ संपली की पंच दोघींना उभे करी. फुजीची सारी कमाई जमिनीवरची. म्हणजे खाली पाडणे, हात किंवा पाय पकडणे, सांधा अडकवणे आणि हार कबूल करवून घेणे, हे सगळे अर्ध्या मिनिटात उरकायचे. अशा नियमात कुणी उभ्याने लढायला शिकले असते. फुजीने आपला खेळ बदलला नाही, तो वेगवान केला. पायाच्या पंजाला पीळ देणारा तिचा डाव ‘इनाझुमा’, म्हणजे वीज, या नावाने ओळखला जाऊ लागला.

तिची पहिली हार २०१० मध्ये अमेरिकेत, ‘बेलाटोर’ या स्पर्धेच्या अंतिम लढतीत झाली, तीही पंचांच्या विभागलेल्या निकालाने. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट २०११ मध्ये स्त्रिया यूएफसीत कधीच लढणार नाहीत असे सांगत होते. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, राँडा राऊझीने तिथे पहिली लढत दिली आणि स्त्रियांच्या एमएमएचा इतिहास जणू त्या दिवशी सुरू झाला असे सांगितले जाऊ लागले. त्याच वर्षी फुजी निवृत्त झाली. राऊझीचे कर्तृत्व खरेच आहे. पण ज्या वाटेवरून ती आली ती वाट पाडणाऱ्या बायका टोकियोच्या छोट्या सभागृहांत दशकभर घाम गाळत होत्या.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. हा धंदा आहे, प्रेक्षक तिकीट काढतो त्याची लढत मोठी होते, छोट्या वजनाचे लढवय्ये विकले जात नाहीत, त्यात कंपनीचा काय दोष? या म्हणण्यात तथ्य आहे. जॉन्सनने २०१२ मध्ये टोरंटोत जोसेफ बेनाविडेझला हरवून पट्टा जिंकला, तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठली होती, आणि त्या प्रेक्षकांना खडसावणारे पुन्हा व्हाइटच होते. म्हणजे कंपनीने आरंभी पाठराखण केली, हे मान्य करायला हवे.

पण प्रेक्षकांची आवड काही आभाळातून पडत नाही. क्योजी होरिगुची याच गटातला. एप्रिल २०१५ मध्ये जॉन्सनने त्याला पाचव्या फेरीचा एक सेकंद उरला असताना हात ताणून नमवले. अमेरिकेत त्याचे नाव कुणाच्या तोंडी नव्हते. जपानला परतून ‘रिझिन’मध्ये लढू लागल्यावर तोच तिथला मोठा तारा झाला. माणूस तोच, वजनही हलकेच. फरक होता मांडणाऱ्याच्या इच्छेत. इकडे जॉन्सनने २०१७ मध्ये जाहीर आरोप केला, की सांगतील त्या प्रतिस्पर्ध्याशी लढला नाहीस तर गटच बंद करू, अशी तंबी त्याला मिळाली होती. २०१८ मध्ये हेन्री सेहुदोने त्याला विभागलेल्या निकालाने हरवले आणि दोन-तीन महिन्यांत सिंगापूरच्या ‘वन चॅम्पियनशिप’ला जॉन्सन देऊन बदल्यात बेन आस्क्रेन घेण्याचा सौदा झाला. जो माल दुकानदार स्वतःच फळीखाली ठेवतो, तो खपत नाही ही तक्रार त्याने करू नये. आणि ही बाजारपेठ खुली होती असेही नाही. मक्तेदारीच्या जोरावर मानधन दाबले, या लढवय्यांच्या दाव्यात कंपनीने ३७.५ कोटी डॉलरची तडजोड केली आणि न्यायालयाने ती २०२५ मध्ये मंजूर केली.

मग वारसा मोजायचा कशाने? माझ्या मते त्या माणसाच्या नंतर खेळ कसा बदलला, यानेच. जॉन्सन पहिल्या मोठ्या लढतींच्या काळात गोदामात पूर्णवेळ नोकरी करत होता आणि मॅट ह्यूम या वस्तादाकडे घडत होता. त्याच्याआधीही ठोसे, पट आणि जमिनीवरचे डाव तिन्ही येणारे लढवय्ये होते. पण एकातून दुसऱ्यात जाताना त्यांचा क्षणभर खंड पडे, आणि जाणकार प्रतिस्पर्धी तो हेरत असे. जॉन्सनने तो खंडच पुसून टाकला. ठोसा मारता मारता पाय बदलणे आणि त्याच पावलात पट काढणे आज हलक्या गटांत सर्रास दिसते. बोर्गवरचा डाव हे त्याच सवयीचे टोक होते.

या कसोटीवर बेनाविडेझसारखा माणूसही उभा राहतो. विजेतेपदाच्या प्रत्येक लढतीत तो हरला. पण सेहुदोला त्याने २०१६ मध्ये हरवले होते आणि वरच्या पायरीवर जाणाऱ्याला त्याच्याशी झुंजूनच जावे लागे. गटाची पातळी अशा माणसांमुळे ठरते.

हा हिशेब कंपनी करणार नाही. तो पत्रकारांनी, प्रशिक्षकांनी आणि चाहत्यांनी करायचा आहे. आपल्याकडेही आता त्याची गरज आहे. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती लढली ११५ पौंडांच्या गटात. फुजी ‘बेलाटोर’ची अंतिम लढत याच वजनाला लढली होती, आणि यूएफसीने हा गट सुरू केला तो २०१४ मध्ये, ती निवृत्त झाल्यानंतर वर्षभराने.